पात्र जोडप्यांची नोंदवही

निवृत्तीच्या दिवशी उपकेंद्राचा कार्यभार सोपवताना मी नव्या आरोग्यसेविकेला वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, लसीचा डबा आणि कुटुंब नियोजनासाठी पात्र धरलेल्या जोडप्यांच्या नोंदवह्या मोजून दिल्या. बाकीच्या वस्तूंवर सही घेतली आणि काम संपले, नोंदवह्या देताना मात्र हात थबकला. त्यांत प्रत्येक जोडप्यासमोर बायकोचे वय, हयात मुलगे, हयात मुली, शेवटच्या अपत्याचे वय आणि वापरात असलेली पद्धत असे रकाने होते. शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना होता आणि त्यात मी निम्म्याहून अधिक नावांपुढे वर्षानुवर्षे एकच शेरा लिहीत आले होते : ऊसतोडीला गेले. या बाईला आणखी मूल हवे आहे का, हवे असेल तर कधी, असे विचारणारा रकाना मी वापरलेल्या एकाही नोंदवहीत नव्हता.

माझी बहुतेक नोकरी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, बालाघाटच्या कुशीतल्या गावांत झाली. दसरा झाला की गावे रिकामी व्हायला लागतात आणि दिवाळीनंतर म्हातारी माणसे, कुत्री आणि दोन-चार दुकाने तेवढी मागे उरतात. या एका जिल्ह्यातून दर हंगामाला काही लाख माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर, पुणे आणि थेट कर्नाटकातल्या बेळगावच्या उसाच्या फडांवर जातात. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती एका माणसाला देत नाही, एका कोयत्याला देतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पुरुषाचा अर्धा कोयता धरला जातो, त्याला उचलही अर्धी मिळते. या हिशोबामुळेच मुलींची लग्ने लवकर लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी तेव्हा बावीस टक्क्यांच्या आसपास होती.

आता या जोडप्याकडे कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमाच्या नजरेने पाहू. १९९६ मध्ये केंद्र सरकारने नसबंदीच्या शस्त्रक्रियांची उद्दिष्टे कागदावरून काढून टाकली. तोवर मी नोकरीत आठ वर्षे काढली होती आणि उद्दिष्ट म्हणजे काय असते हे अंगावर झेलले होते. नंतर त्याच गोष्टीला ‘अपेक्षित पातळी’ असे नाव मिळाले. आढावा बैठकीत उभे राहून आकडा सांगायचा असतो हे काही बदलले नाही. सरकारी वर्ष मार्चअखेरीस संपते आणि माझी पात्र जोडपी ऐन नोव्हेंबर ते मार्च गावात नसत. त्यामुळे आमची सगळी धावपळ पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत व्हायची. ‘टोळी निघायच्या आत करून घ्या’ हे वाक्य मी किती दारांत उभे राहून म्हटले असेल याची गणती नाही. बायकांनाही ते पटायचे, कारण फडावर दिवस गेले तर किंवा बाळंतपण आले तर काय होते हे त्यांनी पाहिलेले होते. पहाटे तीन-चारला उठायचे, थंडीत ओल्या पाचटातून चालायचे, नवऱ्याने तोडलेला ऊस साळून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, आणि एक दिवस उठता आले नाही तर खाडा. खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पोटात सहावा महिना असलेली बाई मोळी घेऊन फळी चढते ते या खाड्याच्या धाकाने.

पाळणा लांबवण्याची साधने याच बायकांना खरी उपयोगी पडायला हवी होती. पहिले मूल सतराव्या वर्षी झाले, दुसरे तीन-चार वर्षांनी हवे, मधल्या काळात अंग सावरू द्यावे, एवढी साधी त्यांची मागणी असे. पण एकही साधन त्यांच्याबरोबर प्रवास करत नव्हते. गोळ्यांची पाकिटे महिन्या-दोन महिन्यांची मिळत आणि कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाऊस किंवा उंदीर शिरला की संपत. तांबी बसवली की पहिले काही महिने पाळी जास्त जाते. घरी राहणाऱ्या बाईला मी धीर देत असे, चार दिवस विश्रांती घ्यायला सांगत असे. ऊस तोडणाऱ्या बाईला मी काय सांगणार होते? तिथे ना संडास, ना न्हाणी, ना कोरडा कपडा. अंधार पडेपर्यंत तोच कपडा, आणि मग कालव्याच्या थंड पाण्यात तो चोरून धुवायचा. तांबी बसवून गेलेल्या बायका परत येईपर्यंत ती कुठल्या तरी दवाखान्यात काढून आलेल्या असत. निरोधचा विषय निघाला की बायका नुसत्या हसत. आठ बाय आठच्या कोपीत दोन लेकरे, सासू आणि मधे पडदा नाही.

पुरुषांच्या शस्त्रक्रियेविषयीही सांगते, कारण तो उल्लेख टाळणे खोटेपणाचे होईल. १९७६ मध्ये आपल्या राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण त्या काळाची दहशत पुरुषांच्या मनातून गेली नाही आणि नंतर सगळा भार मुकाट्याने बायकांवर सरकला. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. आमच्याकडे पुरुष सांगत, ‘ऑपरेशन केलं तर कोयता चालायचा न्हाई.’ कोयता बायकोचाही चालायचा असतो हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नसे, आणि खरे सांगायचे तर मीही एका मर्यादेपलीकडे हट्ट धरला नाही. पुरुषाच्या मागे महिनाभर हिंडण्यापेक्षा बाईला शिबिराच्या गाडीत बसवणे सोपे होते.

असे करत एक घडी बसून गेली. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षापर्यंत दोन लेकरे आणि टोळी निघायच्या आत शस्त्रक्रिया. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेसाठी स्त्रीचे वय किमान २२ असावे लागते. आधार कार्ड येण्याआधीच्या काळात वय तोंडी सांगितले जाई आणि सासू म्हणे, ‘बावीस ल्ह्या, सिस्टर.’ मी लिहिले आहे. समोरची मुलगी वीसचीही नाही हे दिसत असताना लिहिले आहे. तिचेच भले होत आहे असे मला तेव्हा वाटत होते आणि पुढल्या बैठकीचा आकडाही डोळ्यांपुढे होता. या दोन्हींपैकी कशाने माझा हात जास्त चालला हे आज मला ठरवता येत नाही.

‘अडाणी बायकांना लेकरांची हौस असते’ हे वाक्य मी शहरात शिकलेल्या माणसांकडून फार वेळा ऐकले आहे. तेहतीस वर्षांत मला अशी हौस क्वचितच दिसली. दिसला तो हिशोब. मुलगा मोठा झाला की त्याचे लग्न होऊन घरात एक नवा कोयता तयार होतो आणि म्हातारपणी फडावर जाणे सुटते. मुलगी मोठी झाली की ती दुसऱ्याच्या घरचा कोयता पुरा करायला जाते. फडावर लेकरे दगावतात हेही त्या हिशोबात धरलेले असते. पाचटात निजवलेल्या लेकराला साप चावतो, चूल पेटून कोपी जळते, कुणी विहिरीत पडते, कुणी ट्रॉलीखाली सापडते. दोन मुलांवर थांबा असे धोरण सांगते तेव्हा ती दोन्ही मुले जगतीलच असे ते गृहीत धरते, आणि ज्या बाईच्या लेकरांना वर्षातले पाच महिने छप्पर नसते तिला ते गृहीत धरता येत नाही. दोन मुली झालेली बाई तिसऱ्यांदा राहिली की आम्ही तिला समजावायला जात असू. ती म्हणे, ‘मला कुठं हाव हाय, सिस्टर? पर मुकादम पोरीला उचल देतो का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याने या हिशोबात आणखी एक पेच टाकला. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. पुढे सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट लागली. अंगणवाडीच्या मदतनीस पदासाठीही दोनच अपत्यांची अट आहे, आणि ऊसतोड सुटावी म्हणून धडपडणाऱ्या शिकलेल्या बाईला गावात मिळू शकणारे बहुधा ते एकमेव पगारी काम असते. २००३ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीसाठीची ही अट वैध ठरवली. अटीमागचा हेतू मला समजतो. पण तिसरे मूल होऊ द्यायचे की नाही हे ज्या घरात सून ठरवत नाही, त्या घरात अपात्र मात्र तीच ठरते. आणि मुले दोनच, त्यांत एक मुलगा हवाच, असे एकदा ठरले की तिसरी वाट सोनोग्राफीच्या खोलीकडे जाते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८९४ होता. मी ज्या काळात ‘दोन पुरेत’ म्हणत दारोदार फिरत होते, त्याच दशकात हे घडले.

एका बाईची गोष्ट मला सोडवत नाही. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची, शस्त्रक्रिया माझ्याच यादीतली, बिनटाक्याची नव्हे, पोटावर छेद घेऊन केलेली. त्या हंगामात मुलगा कालव्यात बुडाला. चैत्रात टोळी परतली तेव्हा ती घरी सामान टाकून थेट उपकेंद्रात आली. मला वाटले होते की रडेल. ती रडली नाही. पदर बाजूला करून तिने पोटावरची पांढरट रेघ दाखवली आणि शांतपणे विचारले, ‘सिस्टर, हे टाके उसवता येतेत का?’ कपड्याची शिवण उसवून पुन्हा घालावी तसा तिचा प्रश्न होता. नस जोडण्याची शस्त्रक्रिया होते, पण ती मोठ्या रुग्णालयात, यशाची खात्री नसलेली. मी चिठ्ठी दिली. ती दोनदा जाऊन आली, दुसऱ्या खेपेला तारीख मिळाली ती डिसेंबरची. डिसेंबरात ती कर्नाटकात होती. पुढल्या वर्षी नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि दुसरीला घेऊन कोयता पुरा केला. पहिली माहेरी राहिली. तिला सरकारने दिलेले शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मीच भरलेले होते, आणि त्यावरचे माझे अक्षर सुंदर आहे असे तेव्हाचे वैद्यकीय अधिकारी म्हणाले होते, हे मला आजही आठवते आणि नकोसे होते.

२०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तपासणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साधारण सहा जणींमागे एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातले प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असताना हा आकडा होता. पाळीचा खाडा नको म्हणून बायका पिशवी काढतात असे लिहून आले आणि ते खरेच आहे. नफ्यासाठी कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर होते हेही खरे आहे. पण या दोन्हींच्या आधीची पायरी बातम्यांत फारशी आली नाही, आणि ती आमच्या हातून घातली गेली होती. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, ‘ऑपरेशन झालंय का?’ झाले असेल तर पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘मग आता पिशवीचं काय काम?’ बाईलाही ते पटते, कारण विशीत असल्यापासून तिला हेच सांगितलेले असते की मुले झाली, तुझे काम संपले. साध्या जंतुसंसर्गावर औषधांचा कोर्स पुरला असता, तिथे मुकादमाकडून आणखी उचल घेऊन पिशवी काढली जाते आणि ती उचल फेडायला आणखी दोन हंगाम लागतात. ऐन तिशीत कंबर धरते, हाडे दुखतात, अंगातून वाफा निघतात, आणि मोळी तेवढीच जड असते. मूल हवे असण्याला जिथे किंमत उरली नाही, तिथे मूल वाहणाऱ्या अवयवालाही उरली नाही.

चीनमधल्या स्थलांतरित स्त्रियांविषयी वाचताना मला आमची गावे आठवतात. तिथे १९८० पासून एक मूल हे धोरण होते आणि शहरात कामाला जाणाऱ्या स्त्रीला गावाकडून विवाह आणि अपत्यांविषयीचा दाखला सोबत न्यावा लागे. २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांची मुभा मिळाली. सरकारला वाटले होते की दार उघडले की पाळणे हलतील. २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ७९ लाख मुले जन्मली आणि २०२३ मध्ये जेमतेम ९० लाख. कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या मुलाची शाळा आणि दवाखाना तिच्या नोंदणीच्या गावाला बांधलेला असेल, मूल आजीकडे ठेवूनच वाढवायचे असेल, तर परवानगी मिळाली म्हणून ती दुसरे मूल होऊ देत नाही. आमच्या बायकांचा पाळणा चिनी बायकांसारखा दाखल्याने बांधलेला नव्हता, तरी आमच्या बायकांच्या पोटी किती मुले यावीत हे त्यांच्या स्वतःपेक्षा जास्त उचलीने, खाड्याने आणि आजीच्या तब्येतीने ठरवले. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुले, २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणातच १.७ होता, म्हणजे धोरणाला जे हवे होते ते कधीच मिळून गेले. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढूनही टाकली. आणखी मुले हवीत म्हणून ती काढली, असे तिथले नेते उघड सांगतात. बायकांना काय हवे हे तेव्हा आम्ही विचारले नाही आणि आता तेही विचारत नाहीत.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तीन महिन्यांतून एकदा सुई, कोणाला दाखवायला नको, कोपीत ठेवायला नको. एक वीस वर्षांची मुलगी, पहिला मुलगा दहा महिन्यांचा, स्वतःहून आली. दुसरे मूल तिला हवे होते, पण मुलगा शाळेत जायला लागल्यावर. सासूला सांगू नका म्हणाली. सप्टेंबरच्या मध्यात मी पहिली सुई दिली आणि कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या, एक डिसेंबरातली, एक मार्चमधली. कार्ड तिने पोलक्यात घडी करून ठेवले. सुई फार आधी देता येत नाही आणि सोबत बांधूनही देता येत नाही, म्हणून जिथे टोळी उतरेल तिथल्या सरकारी दवाखान्यात हे कार्ड दाखव, असे मी तीन-तीनदा बजावले.

एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा पाळी चुकून दोन महिने झाले होते. कार्ड तिने जपून ठेवले होते, घामाने शाई फुटली होती. तो दवाखाना फडापासून नऊ किलोमीटरवर होता. ती एकदा गेली, त्या दिवसाचा खाडा पडला, तिथल्या बाई कानडी बोलत होत्या आणि मराठी कार्डावरचे त्यांना काही उमगले नाही. मी तपासणी करून निकाल सांगितला आणि पुढे काय करायचे आहे, हे विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग मुलाला कडेवर नीट घेत म्हणाली, ‘राहू द्या हे. पर बाळंत झाले की लगेच ऑपरेशनच करा, सिस्टर. त्याला तारखा लागत न्हाईत.’